जुन्या कॉम्प्युटरला पेलणारा ब्राउझर

सोलापुरातल्या अशोक चौकाच्या पलीकडे टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप पडून होता. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, 2 जीबी रॅम आणि वर सुताच्या तंतूंचा जाड थर. तो पुसून काढला, जुनं विंडोज काढून डेबियन बसवलं, डेस्कटॉपसाठी एक्सएफसीई घेतलं आणि ब्राउझर म्हणून मुद्दाम सगळ्यांत छोटा मिळेल तो टाकला. क्लिक करायचा अवकाश, खिडकी समोर हजर. शहराची माहिती देणारं एक पान उघडलं. मथळा दिसला : सोलापूर. अगदी स्वच्छ. हिशेब बघणारे मामा खूश झाले आणि त्यांनी पान खाली सरकवलं. तिथं 'सिद्धेश्वर' या शब्दाची दैना झाली होती. पहिली वेलांटी 'स'च्या आधी यायची ती नंतर येऊन बसली होती. 'द्ध' आणि 'श्व' सुटे होऊन पाय मोडल्यासारखे उभे होते. "उघडतंय पटकन्, पण वाचायचं कसं ओ हे?" मामांनी विचारलं.

'सोलापूर' या शब्दात एकही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, रफार नाही. म्हणून तो कुठंही नीट दिसतो आणि आपली फसगत करतो. हलका ब्राउझर निवडताना बहुतेक जण एवढंच बघतात, की किती वेळात उघडला आणि किती रॅम खाल्ली. मामांचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. माझ्या कामाला, माझ्या लिपीत, हा उपयोगी पडतो का? लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर आज मिळणाऱ्या हलक्या ब्राउझरांचा हा आढावा त्याच प्रश्नाच्या उजेडात घेतला आहे.

प्रश्न आत्ताच का आला

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, अशी अट आहे. परिणामी शाळांच्या लॅबमध्ये, यंत्रमागाच्या ऑफिसांत, झेरॉक्सच्या दुकानांत अजून ठणठणीत चालणारी असंख्य यंत्रं एका रात्रीत 'जुनी' ठरली. त्यांना भंगारात घालण्यापेक्षा लिनक्स बसवणं शहाणपणाचं आहे. लिनक्स मिंट, लुबुंटू, एमएक्स लिनक्स, अँटीएक्स, आपल्या सी-डॅकचं बॉस, पर्याय भरपूर आहेत. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा डेस्कटॉप घेतला तर सगळी प्रणाली काही शे एमबी रॅममध्ये उभी राहते.

पण आज कॉम्प्युटरवरचं बहुतेक काम म्हणजे ब्राउझरमधलं काम. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, सातबारा काढायचा, जीएसटीचं विवरणपत्र भरायचं, विद्यापीठाचा निकाल बघायचा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कामामुळे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. म्हणजे आता पाठ्यपुस्तकाचं पुढचं पानसुद्धा इंटरनेटवर उघडतं. डेस्कटॉप हलका करून वाचवलेली रॅम ब्राउझरने पहिल्या तीन टॅबमध्येच संपवली, तर सगळी मेहनत वाया जाते.

ब्राउझर जड झाला कसा

ब्राउझरचे दोन भाग असतात. एक बाहेरचा : खिडकी, टॅब, बुकमार्क, मेनू. दुसरा आतला : पान वाचून ते पडद्यावर मांडणारं इंजिन. जडपणा जवळजवळ सगळा इंजिनात असतो.

या इंजिनांची वंशावळ मुक्त सॉफ्टवेअरमधूनच सुरू होते. 1998 च्या सुमारास केडीई या मुक्त डेस्कटॉपच्या मंडळींनी केएचटीएमएल हे इंजिन लिहायला घेतलं. ते छोटं आणि नीटनेटकं होतं, म्हणून ॲपलने ते उचललं आणि 2003 मध्ये सफारी आणला. त्यातून वेबकिट झालं. 2008 मध्ये गूगलने क्रोम काढला तो वेबकिटवरच. 2013 मध्ये गूगलने वेगळी चूल मांडली आणि आपल्या इंजिनाला ब्लिंक नाव दिलं. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियमचा रस्ता धरला, आणि जानेवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच पंगतीत येऊन बसला. मोझिलाचं गेको तेवढं वेगळं राहिलं. आज बाजारात ब्राउझरची नावं ढीगभर, पण मोठी इंजिनं तीनच : ब्लिंक, वेबकिट आणि गेको. एखादा ब्राउझर स्वतःला हलका म्हणवत असेल, तर आधी विचारावं की आत इंजिन कोणतं. ट्रकच्या इंजिनावर रिक्षाची बॉडी चढवली म्हणून डिझेल कमी लागत नाही.

दुसरं कारण सुरक्षेचं. क्रोमने सुरुवातीपासूनच टॅबना वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवलं, म्हणजे एक अडकला तरी बाकीचे चालू राहतात. जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी उघड झाल्या. एका संकेतस्थळाने दुसऱ्याची गुपितं मेमरीतून चोरू नयेत, म्हणून प्रत्येक स्थळाला स्वतंत्र प्रक्रिया देणं गरजेचं ठरलं. या बदलाने एकूण मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागेल, असं त्या वेळी गूगलनेच सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही 2021 मध्ये तशीच व्यवस्था आणली. म्हणजे ब्राउझरच्या वजनातला काही भाग हा घराच्या भिंतींचा आहे. भिंती पाडून घर हलकं करण्यात अर्थ नाही.

तिसरं कारण पान स्वतःच. आज सरासरी म्हणावं असं पान डेस्कटॉपवर 2 एमबीहून अधिक माल खाली ओढतं. बातमी दहा ओळींची असते, आणि तिच्याभोवती जाहिरातींचा, पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टचा, आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओचा गराडा असतो. जावास्क्रिप्ट नुसती उतरवून भागत नाही. ती वाचावी लागते, यंत्राच्या भाषेत बदलावी लागते, मेमरीत बाळगावी लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे असताना धुळीने माखलेला पंखा घरघरत असतो, तो बहुतेक वेळा याच गराड्यापायी.

सोलापूरची कसोटी : तीन लिप्या आणि उर्दू

इंग्रजीत लिहिलेल्या तुलनांमध्ये एक परीक्षा कधीच नसते, कारण त्यांना तिची गरज पडत नाही. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत 'सि' लिहिताना आधी 'स' टाइप होतो, मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. 'बार्शी'मधला 'र' आधी टाइप होतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा 'र' वेगळंच रूप घेतो. हा सगळा मेळ बसवण्याचं काम करणारा मुक्त सॉफ्टवेअरमधला भाग म्हणजे हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोमियम, लिबरऑफिस, अँड्रॉइड, सगळे तोच वापरतात. ग्नोम या डेस्कटॉपच्या जगात मजकूर मांडणारा पँगोही आता त्याच्यावरच उभा आहे. ब्राउझर हलका करण्याच्या नादात हा भाग गाळला, की मामांच्या पडद्यावर झालं ते होतं.

सोलापुरात ही परीक्षा एका लिपीवर संपत नाही. पूर्व भागातल्या विणकर पद्मशाली घरांत तेलुगू आहे. अक्कलकोटकडे आणि दक्षिण सोलापुरात कन्नड आहे. उर्दू शाळा आहेत. तेलुगू आणि कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग पहिल्याच्या खाली लटकतो. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि मराठी वाक्यात एखादं उर्दू नाव आलं की दिशा मधेच उलटते. या शहरात सार्वजनिक वापरासाठी बसवलेल्या ब्राउझरला हे सगळं यायलाच हवं. वाचनालयात बसलेल्या तेलुगू आजोबांना त्यांचं वर्तमानपत्र चौकोनी खोक्यांत दिसलं, तर तो ब्राउझर कितीही वेगवान असला तरी त्यांच्यासाठी बंदच आहे.

या बाबतीत मुक्त सॉफ्टवेअरचा भारतीय भाषांशी जुना ऋणानुबंध आहे. युनिकोड रुळण्याआधी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खासगी फाँटमध्ये असत, आणि लिनक्सवर ती वाचता येत नसत. तेव्हा 'पद्मा' नावाचं फायरफॉक्सचं एक विस्तारक असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. त्याची सुरुवात तेलुगूसाठी झाली आणि मग ते इतर भारतीय लिप्यांपर्यंत पोचलं. रेड हॅटने खुले केलेले लोहित फाँट देवनागरी, तेलुगू, कन्नडसह अनेक लिप्यांसाठी आजही जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये मिळतात. आपली लिपी दिसणं हे कुणीतरी बसून केलेलं काम आहे, हे विसरता कामा नये.

तर कसोट्या पाच धरू : लिपी, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येणं, अर्ज-बँक-पीडीएफ ही कामं होणं, रॅम, आणि देखभाल करणारी माणसं टिकून असणं.

सगळ्यांत छोटे : डिलो, नेटसर्फ आणि टर्मिनलवाले

डिलो डिसेंबर 1999 मध्ये सुरू झाला. होर्हे अरेयानो सिद या चिलीच्या माणसाने माहितीचा लाभ जुन्या यंत्रांवरच्या आणि मंद जोडणीवरच्या लोकांनाही मिळावा, हा हेतू समोर ठेवून तो घडवला. त्याला जावास्क्रिप्ट येत नाही, आणि म्हणूनच तो विजेसारखा उघडतो. 2015 मधल्या 3.0.5 नंतर नऊ वर्षं नवी आवृत्ती आली नाही. मग 2024 मध्ये नव्या हातांनी तो पुन्हा उभा केला आणि 3.1.0 आली. ही जिद्द कौतुकाची आहे. पण डिलो एफएलटीके या छोट्या संचावर बांधलेला आहे, आणि त्याची नेहमीची बांधणी देवनागरीची जोडणी करत नाही. इंग्रजी माहितीपुस्तिका, यंत्रावर साठवलेली साधी पानं यांच्यासाठी तो उत्तम. मराठी वाचनासाठी नाही.

नेटसर्फची गोष्ट वेगळी. 2002 मध्ये रिस्क ओएस या प्रणालीसाठी सुरू झालेला हा ब्राउझर. त्याने तिन्ही मोठ्या इंजिनांपैकी कुणाचाही आधार घेतलेला नाही, इंजिन स्वतःचं लिहिलं आहे. जीटीके या संचावर बांधलेली त्याची लिनक्सवरची आवृत्ती मजकूर पँगोकडे सोपवते, त्यामुळे फाँट असेल तर देवनागरी सरळ दिसते. डिसेंबर 2023 मध्ये त्याची 3.11 आवृत्ती आली. जावास्क्रिप्टचा आधार अगदी जुजबी आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्याकडून भरून होणार नाही. पण मराठी विकिपीडिया, साधे ब्लॉग, लेख वाचायला तो पुरतो. फारच अशक्त यंत्रासाठी मराठी वाचकाने पहिल्यांदा याच्याकडे बघावं.

लिंक्स (Links), 1992 मध्ये कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला त्याचा नामबंधू लिंक्स (Lynx), आणि डब्ल्यूथ्रीएम हे टर्मिनलमध्ये चालणारे ब्राउझर. दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना ते आजही हाताशी लागतात. पण टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट देतं, आणि देवनागरी अशी चौकटीत बसत नाही. रोजच्या मराठी वापरातून ते बाद.

वेबकिटचे : ग्नोम वेब आणि मिडोरी

ग्नोम वेब, ज्याला बरेच जण अजून एपिफनी म्हणतात, तो 2009 मध्ये गेको सोडून वेबकिटवर आला. खिडकी साधी, मेनू मोजके, लिपी निर्दोष, पीडीएफ आतच उघडतं. डेबियन वेबकिटच्या जीटीके आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवतं, ही त्याची जमेची बाजू. उणी बाजू अशी, की काही सरकारी आणि बँकांची संकेतस्थळं त्याला ओळखत नाहीत आणि दुसरा ब्राउझर आणायला सांगतात. व्हिडिओच्या बाबतीतही जुन्या यंत्रावर तो अडखळतो. मुख्य ब्राउझरच्या जोडीला ठेवायला तो चांगला.

मिडोरी हे नाव हलक्या ब्राउझरच्या जुन्या याद्यांत हमखास सापडतं. 2007 मध्ये सुरू झालेला, एक्सएफसीईच्या परिवारात वाढलेला, वेबकिटवरचा सुटसुटीत ब्राउझर म्हणून तो लोकप्रिय होता. 2019 मध्ये त्याची सूत्रं दुसऱ्या संस्थेकडे गेली, आणि पुढे त्याचं इंजिनच बदललं. आजचा मिडोरी फायरफॉक्सच्या कुळातला आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा सल्ला वाचून आज मिडोरी बसवणारा वेगळाच ब्राउझर घरी आणतो.

इथे रास्पबेरी पायचा दाखला बोलका आहे. 2012 मध्ये हा छोटा, स्वस्त संगणक आला तेव्हा त्याच्या प्रणालीत मिडोरी होता. 2014 मध्ये त्याची जागा खास सुधारलेल्या एपिफनीने घेतली. 2016 मध्ये तिथं क्रोमियम आला, आणि पुढे फायरफॉक्सचाही पर्याय दिला गेला. काटकसर हाच ज्यांचा धर्म, त्यांनीही चार वर्षांत मुख्य प्रवाहातला ब्राउझर जवळ केला. कारण पानं बदलत गेली आणि छोट्या ब्राउझरांना त्यांच्यामागे धावणं जमेना.

क्यूटीचे : फाल्कन आणि क्यूटब्राउझर

2010 मध्ये क्यूपझिला नावाने सुरू झालेला ब्राउझर 2018 पासून केडीईच्या छत्राखाली फाल्कन म्हणून येतो. एलएक्सक्यूटी किंवा केडीई वापरणाऱ्यांना तो घरचा वाटतो, आणि जाहिराती अडवायची सोय त्यात आधीपासूनच आहे. क्यूटब्राउझर माऊसशिवाय, कळफलकावरून चालवता येतो, आणि ज्यांची बोटं त्याला सरावली त्यांचा तो जीव की प्राण. पण दोघांच्याही आत क्यूटी-वेबइंजिन आहे, आणि ते म्हणजे पुन्हा क्रोमियमच. एकदोन टॅबला बाहेरची खिडकी हलकी असल्याचा थोडा फायदा मिळतो. टॅब वाढले की वजन क्रोमियमइतकंच होतं. शिवाय क्रोमियममध्ये आलेली दुरुस्ती क्यूटीमध्ये यायला आणि तिथून आपल्या प्रणालीत उतरायला वेळ लागतो. बँकेचं काम त्यावर करू नये, असं माझं मत आहे.

क्रोमियम आणि त्याचे भाऊबंद

क्रोमियम, क्रोम, ब्रेव्ह, विवाल्डी, एज हे सगळे एका घरचे. संकेतस्थळं आज यांच्यासाठीच तपासून घेतलेली असतात, त्यामुळे अर्ज अडण्याची भीती सर्वांत कमी. लिपीचा प्रश्न नाही. दुरुस्त्या लगोलग येतात. 4 जीबी आणि त्याहून अधिक रॅम असेल तर हरकत काही नाही. मात्र गूगलने विस्तारकांचे नियम बदलल्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं पूर्ण ताकदीचं विस्तारक क्रोममध्ये आता चालत नाही, त्याची पातळ आवृत्ती चालते. जुन्या यंत्रासाठी हा तोटा मोठा आहे, कारण तिथे खरी बचत जाहिराती अडवण्यातच असते. ब्रेव्हमध्ये अडवणूक आतच बांधलेली आहे, त्यामुळे या घरातला जुन्या यंत्राला त्यातल्या त्यात सोयीचा तोच.

फायरफॉक्स आणि त्याचे फाटे

9 नोव्हेंबर 2004 ला फायरफॉक्स 1.0 आला तेव्हा त्याचीच ओळख 'हलका ब्राउझर' अशी होती. मधल्या काळात तो फुगला. नोव्हेंबर 2017 मध्ये क्वांटम नावाने त्याचं अंतरंग पुष्कळसं नव्याने घडवलं गेलं आणि तो पुन्हा चपळ झाला. ईएसआर ही त्याची लांब पल्ल्याची आवृत्ती डेबियनसोबत येते. सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित मिळतात, पण दर महिन्याला रूप बदलत नाही. ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी ही स्थिरता फार मोलाची असते. मराठी मेनू मिळतो, मराठी पानांवर फाँट असेल तर 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं दिसतात, पीडीएफ आतच उघडतं. यूब्लॉक ओरिजिन इथे पूर्ण ताकदीने चालतं. शिवाय वीज गेली तर उघडे टॅब परत आणण्यासाठी तो नोंद ठेवत असतो, आणि ती नोंद दर 15 सेकंदांनी होते. भारनियमन भोगलेल्या गावात ही सोय कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत लहान इंजिनांवरच्या ब्राउझरांबद्दल सावध करून रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियम घ्यावा, असा स्पष्ट सल्ला दिलेला आहे. मुक्त सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत काटेकोर मंडळींचं हे म्हणणं गांभीर्याने घ्यायला हवं.

फाट्यांपैकी पेल मून 2009 पासून चालू आहे. गेकोपासून फोडलेलं गोआना इंजिन, जुन्या वळणाची खिडकी, आणि सगळे टॅब एकाच प्रक्रियेत. त्यामुळे रॅम कमी लागते खरी. पण एक पान अडकलं की सगळा ब्राउझर थिजतो, आणि नव्या घाटणीची बरीच संकेतस्थळं त्यात उघडत नाहीत. लिब्रेवुल्फ हा खासगीपणासाठी कसून बांधलेला फायरफॉक्स, वजनात फरक नाही.

आणखी दोन नावं लक्षात ठेवावीत. अँड्रियास क्लिंग यांनी सुरू केलेला लेडीबर्ड आणि मोझिलात 2012 च्या सुमारास जन्मलेला, आता लिनक्स फाउंडेशन युरोपकडे असलेला सर्व्हो. दोघंही नवी, स्वतंत्र इंजिनं घडवत आहेत. आज रोजच्या कामाला ती घेता येणार नाहीत. पण तीन इंजिनांवर तोललेल्या जगात चौथं-पाचवं येणं फार गरजेचं आहे, आणि ते मुक्तच असायला हवं.

मग कुणी काय घ्यावं

512 एमबी ते 1 जीबी रॅम असेल, तर वाचायला नेटसर्फ घ्यावा आणि अर्ज, बँक, व्हिडिओ या कामांसाठी दुसरं यंत्र वापरावं. अशा यंत्रावर सगळं होईल असं सांगणं म्हणजे समोरच्या माणसाची फसवणूक आहे. 2 जीबीला फायरफॉक्स ईएसआर आणि यूब्लॉक ओरिजिन, एका वेळी तीन-चार टॅब. 4 जीबीला फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह, जो कामाला जुळेल तो. 2 जीबीच्या यंत्रात रॅमची आणखी एक पट्टी मिळत असेल, तर आठ ब्राउझर बदलून बघण्यापेक्षा ती घालावी. जुन्या डीडीआर2 आणि डीडीआर3 पट्ट्या दुरुस्तीच्या दुकानांतून अजून मिळतात. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर ब्राउझर उघडण्यातला फरक डोळ्यांना दिसतो.

32 बिटचा मुद्दा आधी तपासावा. क्रोमने लिनक्सवरचा 32 बिटचा आधार 2016 मध्येच काढला. ऑगस्ट 2025 मध्ये आलेलं डेबियन 13 आता 32 बिटच्या जुन्या यंत्रावर नव्याने बसवता येत नाही. फायरफॉक्सची 32 बिट लिनक्सवर चालणारी शेवटची नेहमीची आवृत्ती 144. ईएसआर 140 ला किमान सप्टेंबर 2026 पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असं मोझिलाने जाहीर केलं आहे. पण अनेक यंत्रांत प्रोसेसर 64 बिटचा आणि वर बसवलेली प्रणाली मात्र 32 बिटची असते. कोअर टू ड्युओ 64 बिटचा आहे. पहिल्या नेटबुकांतला ॲटम एन270 मात्र खरोखर 32 बिटचाच. म्हणून भंगारात टाकण्याआधी प्रोसेसरचं नाव वाचावं.

बसवताना करायची कामं

पहिलं, यूब्लॉक ओरिजिन. जुन्या यंत्रावर एवढ्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो, तेवढा ब्राउझर बदलून पडत नाही.

दुसरं, झेडरॅम. रॅममधलाच काही भाग दाबून-आवळून साठवण्याची ही लिनक्सची सोय आहे. 2 जीबीच्या यंत्रावर ती चालू केली की टॅब बदलताना डिस्कचा खडखडाट कमी होतो.

तिसरं, व्हिडिओ. जुन्या ग्राफिक्स चिपला एच.264 पेलतं, नंतरचे प्रकार पेलत नाहीत. एच264इफाय हे छोटं विस्तारक यूट्यूबकडून तोच प्रकार मागून घेतं, आणि पंखा शांत होतो.

चौथं, उबुंटू वापरत असाल तर तिथला फायरफॉक्स 22.04 पासून स्नॅप पुडक्यातून येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर उघडायला वेळ घेतो. मोझिला जानेवारी 2024 पासून स्वतःचं डेब पुडकं देते, ते घ्यावं. मिंट आणि डेबियनला हा प्रश्न नाही.

पाचवं, फाँट. लोहित किंवा नोटोचे देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूसाठी नस्तालीक, हे आधीच बसवून ठेवावेत. ब्राउझरला दोष देण्याआधी फाँट आहे का ते बघावं.

एक मात्र करू नये. रॅम वाचवण्यासाठी संकेतस्थळांना वेगळं ठेवणारी सुरक्षा बंद करण्याचे उपाय सुचवले जातात. ज्या यंत्रावर कुणाचा ओटीपी, कुणाचं आधार, कुणाचं बँक खातं उघडणार आहे, तिथं असली बचत कुणाच्या तरी कष्टाच्या पैशांवर बेतू शकते.

कागदावरचे पाच शब्द

मामांच्या यंत्रावर शेवटी फायरफॉक्स ईएसआर बसवला. वर यूब्लॉक ओरिजिन, खाली झेडरॅम. तो पहिल्यासारखा क्षणात उघडत नाही. पहिल्या वेळी थोडं थांबावं लागतं. पण त्यांनी त्याच दुपारी कारखान्याचं एक बिल पाठवलं, नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि मग पुन्हा तेच शहराचं पान उघडून सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

तेव्हापासून मी खिशात एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर तीन मराठी शब्द आहेत : सिद्धेश्वर, बार्शी, शेतकऱ्यांना. खाली एक तेलुगू आणि एक कन्नड शब्द, ओळखीच्या माणसांकडून लिहून घेतलेले. कोणत्याही यंत्रावर कोणताही ब्राउझर टाकला, की आधी हे पाच शब्द शोधून बघतो. पाचही नीट दिसले तरच पुढची चौकशी करतो, की रॅम किती लागते.